कानाला खडा

मुकादमबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता कुणी उरलं नव्हतं. कापड गिरणीच्या मागखात्यात मुकादम झालेली ही पहिली बाई. तेव्हा चिकटलेलं ते पद निवृत्तीनंतरही सुटलं नाही. शेजारीपाजारी म्हणत मुकादमबाई, पोस्टमन म्हणे मुकादमबाई, आणि नवराही चिडला की म्हणायचा, "बरं, मुकादमबाई, तुमचंच खरं."

विशी गाठायच्या आधीच त्या मागावर उभ्या राहिल्या होत्या. एका छपराखाली शेकडो माग, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटणारा, पायाखालची फरशी थरथरणारी. शेजारणीच्या कानाला तोंड लावून बोंब मारली तरी तिला ऐकू येत नसे. म्हणून खात्यातल्या सगळ्या बायका ओठांवरून बोलत. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नुसते ओठ हलवून सासूची गाऱ्हाणी सांगायची, आणि मधल्या बायका ती फुकटात वाचून घ्यायच्या. भिंतीला कान असतात म्हणतात. तिथे माणसांनाच नव्हते. डोळे मात्र बारा गावचं पाणी प्यायलेले.

कानात घालायचे बोळे गिरणीने द्यायला सुरुवात केली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आधी पाखरं गेली. मग दाराची घंटा, मग फोन, मग लेकीचा बारीक आवाज. नवऱ्याचा आवाज सगळ्यात जास्त टिकला, कारण तो पोस्टाच्या खिडकीत बसून जन्मभर ओरडत आलेला. तोही ऐकू येईनासा झाला तेव्हा नवऱ्याला वाटलं, ही मुद्दाम कानाडोळा करतेय. आठवडाभर रुसून बसला. मग एकदा त्याच्या हातून पातेल्याचं झाकण बाईंच्या पाठीमागे फरशीवर पडलं, गरगर फिरून थांबलं, आणि बाई शांतपणे भांडी पुसत राहिल्या. नवरा तिथेच खुर्चीत बसला. त्याचा रुसवा त्या झाकणाबरोबर संपला.

लेक दातांची डॉक्टर. तिने ऐकताक्षणी आईला कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की डावा कान पार गेलाय, उजव्यात अजून धुगधुगी आहे. मशीन लावलं तर काम होईल.

"आतमध्ये बसणारं असतं ना छोटं?" लेकीने विचारलं. "दिसणार नाही असं?"

"त्याची ताकद यांना पुरणार नाही. कानामागे बसतं ते लागेल. पण काळजी नको, रंग कातडीसारखा असतो. केस पुढे घेतले की कळतसुद्धा नाही."

बाईंनी ते मशीन हातात घेतलं. उकडलेल्या घेवड्याच्या दाण्यासारखं, तसाच आकार आणि तसाच मेलेला रंग. "कुणाच्या कातडीसारखा?" त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि मशीन कानामागे बसवलं.

घरी आल्यावर बाईंना आधी स्वतःच्या चपला ऐकू आल्या. मग नळ. मग न्हाणीघरातून एक विचित्र आवाज यायला लागला म्हणून त्या बघायला गेल्या, तर नवरा दाढी करता करता गुणगुणत होता.

"हे तुम्ही कधीपासून करताय?"

"लग्नापासून."

"बेसूर आहे हो."

"इतकी वर्षं सुखात गेली म्हणून तर गात होतो," नवरा म्हणाला. त्याच्या गालावर साबण होता आणि डोळ्यांत पाणी होतं. बाई तिथेच उंबऱ्यात उभ्या राहून ते बेसूर गाणं शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

मशीनने ऐकू येत होतं, तेवढ्यापुरतं सगळं उत्तम. पण लेक आली की पहिलं काम आईचे केस सारखे करायची. उजवीकडची बट ओढून मशीनवर आणायची आणि पिन लावायची. बाईंनी जन्मभर केस मागे घट्ट बांधलेले. मागावर सुटी बट म्हणजे जिवाशी खेळ. तोंडावर आलेले केस त्यांना सोसत नसत.

"आई, राहू दे गं. झाकलेलं बरं दिसतं."

"तू चष्मा झाकतेस का?"

"चष्म्याची गोष्ट वेगळी."

"का वेगळी? तुझे डोळे पुस्तकांनी गेले म्हणून तुझा चष्मा नाकावर मिरवतो. माझे कान कामाने गेले. मी काय चोरी करताना बहिरी झाले?"

लेकीने हात मागे घेतला. पण पिन तशीच राहिली.

त्याच दुपारी बाईंनी कपाट उघडून सासूबाईंची अंगठी काढली. सासूबाईंनी शेवटच्या आजारात हातावर ठेवलेली. मधे एक हिरा आणि भोवती छोटे हिरे, फुलासारखे मांडलेले. बाईंनी ती कधी घातलीच नव्हती. मागखात्यात अंगठीला बंदी होती, आणि निवृत्त होईपर्यंत बोटांचे सांधे असे सुजले की अंगठी अर्ध्यावरच अडायची. आयुष्यभर अंधारात राहिलेले हिरे. बाईंनी अंगठी टेबलावर ठेवली, शेजारी मशीन ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, तुमच्या आईची अंगठी मोडली तर चालेल?"

"कशासाठी?"

"यावर हिरे बसवून घेते."

नवऱ्याने आधी अंगठीकडे पाहिलं, मग मशीनकडे. "कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच," तो म्हणाला. "चल, जोडे घालतो."

कोपऱ्यावरचा सोनार तुटलेल्या साखळ्या जोडणारा, सज्जन माणूस. त्याने मशीन उलटंसुलटं करून परत दिलं. "बाई, माझं सगळं काम आगीवर चालतं. याला धग लागली तर कोळसा होईल. आणि हिरे बसवायला वेगळा हात लागतो, तो माझा नाही. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जा. त्यांच्याकडे बडे कारागीर असतात."

मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात दारापाशी गणवेशातला रखवालदार होता, आत गारवा आणि अत्तराचा वास. टाय लावलेल्या एका पोऱ्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि "साहेबांना विचारून येतो" म्हणून मागच्या काचेच्या खोलीत गेला. दार लावून घेतलं. काच जाड होती. पण ती काच होती, आणि साहेबांचं तोंड इकडेच होतं.

साहेब म्हणाले, "मशीनला हिरे? उद्या म्हातारी कवळीला लावायला येईल." पोऱ्या खांदे उडवत हसला. साहेब म्हणाले, "एखादं हलकंसं कानातलं दाखव आणि कटव."

पोऱ्या परत आला तो जीभ मधात बुडवून. "आजी, साहेब म्हणाले की सध्या आमचे कारागीर फारच कामात आहेत."

"साहेब असं नाही म्हणाले," बाई म्हणाल्या. "साहेब म्हणाले, उद्या म्हातारी कवळीला लावायला येईल."

पोऱ्याचा चेहरा पिठासारखा झाला. "तुम्हाला... काचेतून ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं येतंय? म्हणून तर आले."

"आणि कवळी माझी आहे," नवऱ्याने खुलासा केला. "तिचे दात अजून शाबूत आहेत. बघायचे असतील तर अजून थोडं बोला."

साहेब काचेच्या खोलीतून धावत बाहेर आले, तोवर बाई उठल्या होत्या. रखवालदाराने दार उघडलं. गिरणीत पाळी संपवून निघायच्या तशा ताठ मानेने त्या बाहेर पडल्या. रस्त्यावर आल्यावर नवरा पोट धरधरून हसायला लागला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"कानाला खडा," त्या म्हणाल्या. "पुन्हा असल्या दुकानाची पायरी चढायची नाही."

नवऱ्याचं हसू थांबलं. त्याने त्यांच्या हातातली पर्स स्वतःकडे घेतली. "अगं, कानाला खडा लावायलाच तर निघालोय आपण. लावल्याशिवाय घरी कशी जाशील?"

घरी मात्र त्या दिवशी बिनखड्याच्याच आल्या. संध्याकाळी लेकीला फोनवर बाबांनी सगळी हकिगत रंगवून सांगितली. त्यांना वाटलं लेक हसेल. लेक हसली नाही. "काय म्हणाला तो माणूस?" तिने दोनदा विचारलं. आईच्या मशीनवर पिनेने बट डकवणारी तीच पोरगी, पण दुसऱ्याने आईला हसावं हे तिच्या डोक्यात गेलं.

तिच्याकडे दाढेचं काम करून घेणारे एक जवाहिरे होते. दुकान नाही, जाहिरात नाही. एकेका माणसासाठी एकेकच दागिना घडवायचा आणि पुन्हा तसा घडवायचा नाही, अशी त्यांची ख्याती. नवं काम घेतात की नाही हेही लोकांना ठाऊक नसे. लेकीने त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस भरला आणि मग विचारलं, "माझ्या आईसाठी एक दागिना कराल का?"

"आँ," जवाहिरे म्हणाले.

"हो म्हणाले," लेकीने घरी कळवलं.

त्यांची जागा एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खाली पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान, जिन्यात खळीचा वास. दारावर पाटी नव्हती. आत शिरलं की मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नसे. आत उत्तरेच्या मोठ्या खिडकीखाली लाकडी बाकं होती, प्रत्येक बाकाला पोटाशी अर्धा चंद्र कापलेला, आणि त्याखाली सोन्याचा कीस झेलायला चामड्याची झोळी. बाईंनी आधी ती झोळी पाहिली. कण वाया जाऊ न देणारी जागा त्यांना लगेच कळली. इथे काम होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

जवाहिरे पन्नाशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, अंगठीवर वाकले आणि काहीतरी पुटपुटायला लागले.

"वर बघून बोला," बाई म्हणाल्या. "माझे अर्धे कान तुमच्या ओठांवर आहेत."

त्यांनी चटकन मान वर केली. भिंग काढून ठेवलं. त्यानंतर त्या खोलीत त्यांनी मान खाली घालून एक शब्द उच्चारला नाही. "हिरे जुने आहेत, हाताने पैलू पाडलेले," ते म्हणाले. "आजच्या हिऱ्यांसारखे झगझगत नाहीत, आतून उजळतात. एकाचा टवका उडालाय. तो सोन्याच्या नखीखाली झाकता येईल."

"झाका. हिरा झाकायला माझी हरकत नाही. मशीन झाकायचं नाही."

जवाहिरे हसले आणि मग प्रश्न विचारायला लागले. कुठल्या कुशीवर झोपता? मशीन कुठल्या हाताने चढवता? चष्म्याची काडी त्याच कानावर येते का? उन्हाळ्यात कानामागे घाम येतो का? बॅटरी बदलताना बोटं थरथरतात का? बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. दुकानातल्या पोऱ्याने पहिला प्रश्न विचारला होता तो साधारण कितीपर्यंत जायचंय हा. यांना तो सुचलाही नाही, आणि बाईंची ती ताठ मान हळूहळू सैल झाली.

"मशीनला मी हात लावणार नाही," जवाहिरे म्हणाले. "त्यावर बसेल असं सोन्याचं पातळ कवच करू. वरून चढवायचं, हवं तेव्हा उतरवायचं. नक्षी कसली हवी? पानं, वेल, फुलं?"

"फुलं नकोत." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "कागद आहे? आणि कात्री?"

त्यांनी कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या, काही उभ्या मांडल्या आणि आडव्या पट्ट्या त्यांतून ओवायला लागल्या. दोनवरून, दोनखालून. पुढची पट्टी एक घर सरकवून. त्याच्या पुढची आणखी एक घर. सुजलेल्या सांध्यांची ती बोटं क्षणभर विशीतली झाली. बघता बघता टेबलावर तिरप्या रेघा चढत गेल्या.

"ही तिरकी वीण. माझ्या खात्यात हीच निघायची. कामगारांचे कपडे, शाळेची दप्तरं, तंबू, सगळं याचंच. फाटता फाटत नाही. जाळीदार केलीत तर आवाजही आत जाईल."

बाकांवरचे कारागीर हातातली कामं ठेवून टेबलाभोवती गोळा झाले होते. जवाहिऱ्यांनी ती कागदाची वीण हलकेच उचलून उजेडात धरली. "आणि हिरे?"

"जिथे उभा धागा आडव्याला ओलांडतो तिथे."

नवरा खिडकीपाशी उभा राहून हे सगळं बघत होता. गिरणीतली बायको त्याने कधी पाहिलीच नव्हती; त्याची पाळी पोस्टात असायची. आज पाहिली.

काम एका दमात काही झालं नाही. मेणाचा नमुना झाला, मग चांदीचा. चांदीचं कवच कानामागे चढवलं आणि मशीन अशी शीळ घालायला लागलं की खालचा पुस्तकं बांधणारा वर बघायला आला. कवचाची एक पट्टी मशीनच्या आवाज घेणाऱ्या भोकावर आली होती. शिवाय वजनाने कान पुढे झुकत होता. जवाहिऱ्यांचा चेहरा उतरला.

"नव्या मागावरचं पहिलं वारभर कापड कधी विकत नसतात," बाई म्हणाल्या. "ते बघायचं असतं. काढा, काय कळलं ते सांगा."

जवाहिऱ्यांनी कानाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांना आधी थट्टाच वाटली. मग त्या स्वतः मशीनचा नकाशा घेऊन जिना चढून आल्या आणि भोकं कुठे मोकळी हवीत, बॅटरीचं झाकण कुठून उघडतं, केवढं वजन कानाला पेलवतं ते समजावून गेल्या. दुसऱ्या नमुन्यात शीळ गेली. पण केस कवचाला घासले की बाईंच्या कानात कुणी कोरडा पाचोळा तुडवतंय असं वाटे. जवाहिऱ्यांनी आतून मऊ रबराचा पातळ थर दिला. पाचोळा थांबला. मग कुठे अंगठी मोडली. बाईंनी ती स्वतःच्या हाताने त्यांच्या हातावर ठेवली. मजुरी त्यांनी आपल्या निवृत्तीच्या पैशांतून दिली. नवऱ्याला आणि लेकीला पाकीट उघडू दिलं नाही.

तयार झालेलं कवच जवाहिऱ्यांनी करड्या कापडावर ठेवलं तेव्हा बाकांवरचे हात पुन्हा थांबले. केसासारख्या सोन्याच्या तारा, दोनवरून, दोनखालून, घर सरकत सरकत कानाच्या वळणाबरोबर चढलेल्या. त्यांच्यात सासूबाईंचे हिरे इथेतिथे, पहाटेच्या गवतावरच्या थेंबांसारखे. कवच टिक करून मशीनवर बसलं. जवाहिऱ्यांनी आरसा धरला, पण बाईंनी आधी आरशात पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले.

"बोला काहीतरी," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"एवढंच. आलं ऐकू. स्वच्छ आलं." मग डोळे उघडून त्यांनी आरशात पाहिलं आणि केस दोन्ही हातांनी मागे ओढून घट्ट बांधले, अगदी मागावर उभ्या राहायच्या तसे.

त्याच महिन्यात लेकीने स्वतःचा दवाखाना उघडला. तिचे जुने गुरू, सोबतचे डॉक्टर, तिच्या सासरची मंडळी, सगळी आलेली. बाई दारात शिरल्या तेव्हा लेकीची नजर सवयीने उजव्या कानाकडे गेली. बाई थांबल्या. नवराही थांबला. आता पिन निघते की काय असं त्याला वाटलं.

लेक जवळ आली. वाऱ्याने एक बट सुटून कवचावर आली होती, ती तिने बोटाने उचलली आणि आईच्या कानामागे सारली. मग हात धरून आईला सरळ तिच्या गुरूंसमोर नेलं.

"सर, ही माझी आई. मागखात्याची मुकादम होती. हिने कापड विणलं म्हणून मी शिकले." तिचा आवाज जरा चढलेलाच होता, आईला ऐकू जावं म्हणून असेल किंवा आणखी कशासाठी असेल. "आणि हे तिचं ऐकायचं मशीन. नक्षी तिची स्वतःची आहे."

गुरू वृद्ध होते. त्यांनी चष्मा सावरून नीट वाकून पाहिलं. "फार सुंदर आहे," ते म्हणाले आणि किंचित घुटमळले. "मीही लावतो. आतलं, छोटं. घरच्यांखेरीज कुणाला माहीत नाही."

"मला आत आल्या आल्या कळलं होतं," बाई म्हणाल्या. "माणूस ऐकतोय की नुसता मान डोलावतोय, हे ओळखण्यात माझा जन्म गेला. या, इथे बसा, उजेडात. मी सावकाश बोलते, तुम्ही माझ्या ओठांकडे बघा."

त्या दोघांचं इतकं जमलं की लेकीला नंतर गुरूंना दुसऱ्या पाहुण्यांकडे ओढून न्यावं लागलं. जाताना त्यांनी जवाहिऱ्यांचा पत्ता मागून घेतला. बाईंनी दिला, आणि वर ताकीदही दिली, "नक्षी मात्र तुमची तुम्ही ठरवा. ही माझी आहे."

कार्यक्रम आटोपून दोघं घरी निघाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. रस्त्यावर चालताना नवरा नेहमी बाईंच्या उजव्या हाताला असायचा, तेवढाच कान त्याच्या बोलण्याला उपयोगी म्हणून. आज तो वळसा घालून डाव्या बाजूला गेला.

"इकडे कुठे? त्या कानाला काही येत नाही ठाऊक आहे ना?"

"येऊ दे नाही तर न येऊ दे," नवरा म्हणाला. "मी जरा मोठ्याने बोलेन. हिरे रस्त्याच्या बाजूला राहू देत. लोकांनाही दिसू दे, मुकादमबाई कोण आहेत ते."

बाईंनी ते त्याच्या ओठांवरून वाचलं. मग मान जराशी ताठ करून, उजवी बाजू रस्त्याकडे ठेवून, त्या सावकाश चालायला लागल्या.